सतरा वेळा ट्राय

काचकाकांनी घरात तीन गोष्टींवर बंदी घातली होती. काच कापताना कुणी शिंकायचं नाही, सूनबाईंनी दुकानात पाऊल टाकायचं नाही, आणि सूनबाईंसमोर खेळाचा विषय काढायचा नाही. पहिल्या दोन बंद्या काचांच्या काळजीपोटी होत्या. तिसरी मात्र सूनबाईंच्या काळजीपोटी, आणि सगळा घोळ झाला तो तिसरीमुळेच.

काकांचं तसबिरींना चौकटी करून द्यायचं दुकान. खाली दुकान, वर घर. दुकानात जिकडे बघावं तिकडे काच. भिंतीला टेकलेली, फळीवर आडवी झोपलेली, कोपऱ्यात उभी. काकांचा हात असा की काच कापायच्या हिरकणीने एक रेघ ओढली, बोटाने टिचकी मारली की काच जिथे सांगाल तिथेच तुटणार. सगळी गल्ली त्यांना काचकाकाच म्हणायची. आणि अशा माणसाच्या चिरंजीवांनी लग्न कुणाशी ठरवावं, तर चेंडू खेळणाऱ्या मुलीशी! तेही एक नाही, दोन चेंडू. एक गोल, एक लांबोडका.

मुलगी पहिल्यांदा घरी आली तेव्हा काकांनी मान वर करकरून तिच्याकडे पाहिलं होतं. दाराच्या वरच्या चौकटीवर तिचं डोकं आपटता आपटता राहिलं.

"खेळात काय काय केलंस, मुली?" काकांनी विचारलं.

"रग्बी आणि बास्केटबॉल. दोन्हीकडे संघात होते."

"अरे वा! रग्बीत काय केलंस मग?"

"शेवटच्या मोसमात सतरा ट्राय केले," ती म्हणाली आणि लाजून खाली बघायला लागली.

काका पुढच्या वाक्याची वाट बघत बसले. पुढचं वाक्य आलंच नाही. सतरा वेळा ट्राय केला, बरं, मग? माणूस 'दाराची कुरकुर थांबवायचा ट्राय केला' म्हणतो तेव्हा दार अजून कुरकुरत असतं, एवढं तर कुणालाही कळतं. त्यातून तिने मान खाली घातलेली. काकांनी काय ते ओळखलं. एकदाही नाही जमलं बिचारीला!

विषय बदलावा म्हणून त्यांनी विचारलं, "आणि बास्केटबॉलमध्ये?"

"तिथे रिबाउंड सगळे माझे."

"म्हणजे नेमकं काय गं?"

"बॉल आत गेला नाही, रिंगवर आपटून बाहेर आला, की तो मी पकडायचे."

"म्हणजे... जात नसे आत?"

"नसे ना! म्हणून तर मी होते तिथे!" असं म्हणून ती खळखळून हसली.

त्या हसण्यावर काका फिदा झाले. ती गेल्यावर काकूंना म्हणाले, "अगं, पोरगी लाखात एक आहे. एका खेळात सतरा वेळा आपटली, दुसऱ्या खेळात चेंडू आतच जाईना, आणि तरी हसते! आपल्या चिरंजीवाचा एकदा पतंग कटला तर तीन दिवस जेवला नव्हता."

"तुम्ही नीट विचारलंत का पण?" काकू म्हणाल्या.

"असं कुणी विचारतं का? मनाला लागेल तिच्या!"

झालं. तिथून ती तिसरी बंदी सुरू झाली. लग्नानंतर टीव्हीवर कुठलाही सामना लागला की काका झडप घालून बातम्या लावायचे. सूनबाई बिचाऱ्या समजल्या की सासऱ्यांना बातम्यांचं भारी वेड. माहेरून एक खोकं भरून त्यांचे चषक आले. काकांनी ते स्वतः माळ्यावर चढवले आणि काकूंच्या कानात सांगितलं, "उत्तेजनार्थ असणार सगळे. दिसायला नकोत."

आता सूनबाई होत्या कशा, तेही ऐका. दोन खेळांनी त्यांच्या अंगाला दोन सवयी लावल्या होत्या. वरून काही पडलं की ते आपलं, आणि एकदा काखेत आलं की ते कुणाच्या बापाला द्यायचं नाही. फळीवरून डबा निसटला, झेलला. काकूंच्या हातून कपबशी सुटली, कप एका हातात, बशी दुसऱ्या हातात, आणि वर "आई, चहा सांडला थोडा, माफ करा." बाजारात गेल्या की पिशवी काखेत धरून गर्दीतून अशा यायच्या की कोथिंबिरीची काडी मोडायची नाही. काकू तर खुळावल्याच होत्या. घरात आल्यापासून एक भांडं फुटलं नाही, असं भेटेल त्याला सांगायच्या. काकांना मात्र धास्तीच. म्हणायचे, "भांड्यांचं ठीक आहे. पण एवढी उंच मुलगी नुसती वळली जरी, तरी माझ्या तीन काचा जातील."

सूनबाईंना मात्र घरात बसून हातपाय शिवशिवत होते. गल्लीच्या टोकाला, चढावर, मुलींची शाळा होती. शाळेने नवीन सभागृह बांधलं होतं, मागे मैदान केलं होतं, आणि तिथे खेळाच्या शिक्षिकेची जागा निघाली. सूनबाई भेटून आल्या. आल्यावर काकूंपाशी बसून म्हणाल्या, "आई, हे काम मिळालं ना, तर मला दुसरं काही नको. मैदानात उभं राहून किती दिवस झाले हो. पोरींचे आवाज ऐकले आणि तिथून पायच निघेना." हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात शाळेच्या मोठ्या बाई काकांच्या दुकानात आल्या.

शाळा ज्यांनी सुरू केली त्या संस्थापक बाईंचं मोठं चित्र मोठ्या बाईंनी छापून आणलं होतं. चांगलं खिडकीएवढं. सभागृहाच्या उद्घाटनाला ते मंचावर लावायचं होतं. लाकडाची पट्टी ठरली, काच ठरली, आणि निघता निघता मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या सूनबाईंनी आमच्याकडे विचारलंय. म्हटलं, घरच्याच माणसाला विचारावं. कशा आहेत?"

काका या प्रश्नाची जणू लग्नापासून वाट बघत होते.

"बाई, दिवा घेऊन शोधलीत तरी अशी मुलगी मिळायची नाही! एका मोसमात सतरा वेळा ट्राय केला तिने. सतरा वेळा!"

"आणि?"

"आणि काय? काही नाही. पण कपाळावर आठी नाही! दुसरी असती तर चेंडूचं तोंड बघितलं नसतं. ही आपली दुसऱ्या खेळातही होतीच."

"तिथे कसं काय?"

"तिथेही चेंडू आत जात नसे. पण न गेलेला चेंडू आणायला हीच सगळ्यांच्या पुढे. याला म्हणतात जिद्द!"

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नाही, जिद्द चांगलीच. पण मुलींना थोडंफार जिंकायलाही शिकवायचंय हो."

"ते काय, कुणीही शिकवेल," काकांनी मोठ्या मनाने सांगून टाकलं.

मोठ्या बाई 'बघू' म्हणून गेल्या. काका दिवसभर शीळ घालत होते. सुनेची शिफारस करावी तर अशी!

मोठ्या बाईंचे कपडे इस्त्रीला जायचे ते कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे. तिथे त्या कुणाशीतरी बोलल्या, "त्यांचे सासरेच सांगतात, एकदाही जमलं नाही म्हणून." इस्त्रीवाल्याच्या कानावर पडलेली गोष्ट म्हणजे गल्लीत भोंगा लावल्यासारखीच. कपड्यांच्या गठ्ठ्यांबरोबर ती घरोघर पोहोचली. दोन दिवसांत गल्लीतली माणसं सूनबाईंकडे अशा नजरेने बघायला लागली की त्यांना वाटावं, आपल्याला काही आजारबिजार झालाय आणि आपल्यालाच कुणी सांगितलेलं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सूनबाई इस्त्रीचे कपडे आणायला गेल्या, तेव्हा इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवली आणि आवाज हळू केला.

"वहिनी, मनावर घेऊ नका हं."

"काय मनावर घेऊ नको?"

"हेच हो, सतरा वेळा. होतं असं. मी नाही का, गाडी चालवायच्या परीक्षेला किती वेळा बसलो."

"मग?"

"मग काय, आता चालत जातो. काय अडलं?"

सूनबाईंना काही कळेना. "पण सतरा वेळा काय?"

"ट्राय केलात ना तुम्ही? आणि एकदाही नाही जमलं. अहो, तुमचे सासरे काय कौतुकाने सांगतात! मोठ्या बाईंनासुद्धा त्यांनीच सांगितलं. शाळेत आता दुसऱ्या कुणाला तरी घ्यायचं चाललंय म्हणे. जिंकलेल्या बाईंना."

सूनबाई कपडे तिथेच टाकून तरातरा निघाल्या. डोळ्यांत पाणी आणि पायांत वेग, अशा त्या थेट दुकानात शिरल्या. बंदी वगैरे काही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

काका त्या वेळी संस्थापक बाईंच्या तसबिरीचंच काम करत होते. पट्ट्या जोडून चौकट तयार होती. काच दोन्ही बाजूंनी घासून पुसून भिंतीशी उभी केली होती. आता काच बसवायची, मग चित्र, मग मागचा पुठ्ठा, की झालं. तेवढ्यात दारात सूनबाई!

"थांब! तिथेच थांब! हलू नकोस! हात खाली!"

आणि काकांनी अशी धावाधाव केली की विचारू नका. उघड्यावर दिसेल ती काच उचलली, खालच्या फळीवर सरकवली आणि वरून घोंगडी टाकली. मग घाम पुसत म्हणाले, "हं, आता बोल. पण हातवारे न करता."

"बाबा, तुम्ही मोठ्या बाईंना माझ्याबद्दल काय सांगितलंत?"

"कौतुक केलं तुझं. पोटभर केलं."

"सतरा ट्रायचं?"

"हे बघ, ते कुणाला सांगू नका असं तू कधी म्हणाली नव्हतीस."

"बाबा, अहो, ट्राय म्हणजे..."

तेवढ्यात फोन वाजला. तसबीर शाळेत न्यायला सांगितलेला टेम्पोवाला होता. टायर फुटलं होतं, आणि तो दुपारपर्यंत काही येत नव्हता. काकांनी दुकानातल्या कारागिराला फोन लावला तर त्याची कंबर धरली होती, तो पलंगावरून उठेना. चिरंजीव कामावर. घड्याळ बघितलं तर पाहुणे यायची वेळ टळत आलेली. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. आजवर त्यांच्या दुकानाचं एकही काम वेळेला चुकलेलं नव्हतं, आणि आज सगळ्या गावासमोर मंचावरची भिंत रिकामी राहणार!

"बाबा, मी नेते ना," सूनबाई म्हणाल्या. स्वतःचं दुःख त्यांनी तिथल्या तिथे गिळलं.

"तू? काच?"

"दुसरं आहे का कुणी?"

नव्हतं. काकांनी हात टेकले. एक डोळा सुनेच्या कोपरांवर ठेवून त्यांनी भराभरा चौकट पालथी घातली, चित्र ठेवलं, पुठ्ठा ठेवला, बारीक खिळे ठोकले, कागदी पट्टी चिकटवली आणि तसबीर पांढऱ्या कापडात गुंडाळली. "घे. पण जीव गेला तरी सोडू नकोस."

सूनबाईंनी तसबीर उचलली, आणि एकदम थबकल्या.

"बाबा, ही..."

"जड आहे. माहीत आहे मला."

"नाही हो, जड नाहीये, म्हणून तर..."

"फुशारकी नंतर! चल आधी!"

वरात निघाली. सूनबाईंनी तसबीर छातीशी आडवी धरलेली. काका पुढे होऊन लोकांना बाजूला करायला लागले, तर त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्ही माझ्या मागे राहा. वेळ आली तर मला मागेच देता येतं, पुढे नाही. रग्बीचा नियमच आहे तो."

"द्यायची वेळ कशाला येतेय! काय अशुभ बोलतेस!"

तरी काका मागे गेले आणि दोन्ही हात पसरून चालायला लागले. मागून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा कोंबडी पकडायला निघालाय. कोपऱ्यावर मोठ्या बाईंचे कपडे घेऊन इस्त्रीवाला त्यांना येऊन मिळाला. तोही शाळेतच चालला होता.

त्या चढावर काकांनी जे पाहिलं ते त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं. समोरून सायकलवाला आला, सूनबाई नुसत्या खांद्याने वळल्या आणि सायकल गेली. रंगाऱ्याने भिंतीला शिडी लावलेली, तिच्याखालून वाकून गेल्या, तसबीर तसूभर तिरकी झाली नाही. एक कुत्रं आडवं आलं, त्याला तर त्या उंबरठा ओलांडावा तशा ओलांडून गेल्या. मागे काका धापा टाकत होते, पण घाबरायचं हळूहळू विसरत चालले होते. असं वळणं, असं थांबणं, असं सुटणं! अशा मुलीला सतरापैकी एकदाही का जमलं नसेल, हेच त्यांना कळेना. नशीब, दुसरं काय.

"बाबा," मधेच त्या मागे वळून म्हणाल्या, "एक महत्त्वाचं सांगायचंय." मग त्यांची नजर इस्त्रीवाल्यावर गेली. तो कान टवकारूनच चालला होता. "जाऊ दे. नंतर सांगते."

"कळलं मला," काका हळव्या आवाजात म्हणाले. "जखमेवरची खपली काढू नये, बाळा. माझ्या मनात तुझी किंमत तिळभर कमी झालेली नाही."

"नाही ना हो, बाबा..."

"एक शब्द बोलू नकोस. मला सगळं समजतं."

इस्त्रीवाल्याने डोळे पुसले. सूनबाईंनी कपाळाला हात लावला असता, पण हात मोकळा नव्हता.

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे बसले होते. ते निवृत्त पंच. आयुष्यभर मैदानात शिट्टी वाजवलेली, त्यामुळे नुसतं 'नमस्कार' म्हणाले तरी मागच्या रांगेतली माणसं सरळ बसत. मोठ्या बाईंनी काकांना "आलात बाई एकदाचे!" म्हणून हायसं वाटल्याचं दाखवलं आणि सूनबाईंकडे बघून नुसतं कसनुसं हसल्या. ते हसू सूनबाईंना बरोबर कळलं. जागा गेली होती.

मंचावर शिपाई शिडीवर चढून तयार होता. सूनबाईंनी कापडासकट तसबीर त्याच्या हातात दिली आणि त्या खाली उतरल्या. इस्त्रीवाला कपडे द्यायला आत गेला होता. काका एकटे सापडले. सूनबाई त्यांच्या कानाशी वाकल्या. "बाबा, आता ऐका. त्या तसबिरीत..."

तेवढ्यात वरून शिपाई ओरडला, "अरे अरे अरे!"

कडीत दोरी अडकलीच नव्हती. कापड त्याच्या हातातून निसटलं, शिडी एका बाजूला गेली, शिपाई दुसऱ्या बाजूला लोंबकळला, आणि तसबीर सुटली.

काकांनी डोळे मिटले नाहीत, कारण तेवढा वेळच मिळाला नाही. त्यांच्या शेजारी उभी असलेली सूनबाई तिथे नव्हतीच. तीन पायऱ्या एका ढांगेत, आणि मग ती उडाली. हो, उडालीच म्हणायचं, दुसरा शब्द नाही. दोन्ही हात ताणून वर, आणि सगळ्यांच्या डोक्यांच्या वर तिने ती तसबीर हवेतच धरली. खाली आली तर समोर माइकवाला घाबरून आडवा आला. तिने खांदा दिला आणि त्याला ओलांडलं. कुंडी आली, वळसा घातला. शिडी कोसळत आली, तर तसबीर काखेत घेऊन ती खाली झेपावली, मंचावरून घसरत गेली, आणि पार टोकाला जाऊन तिने दोन्ही हातांनी तसबीर जमिनीवर टेकवली. अलगद. वर स्वतः पालथी.

काका खळ्ळकन आवाज व्हायची वाट बघत होते. तो आवाज त्यांच्या हाडामांसात मुरलेला. पण आवाज झालाच नाही.

आणि पहिल्या रांगेतून पाहुणे ताडकन उठले. एक हात सरळ वर केला आणि गर्जले, "ट्राय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पण काकांची तळपायाची आग मस्तकात गेली. ते तरातरा पाहुण्यांसमोर जाऊन उभे राहिले.

"काय हो साहेब, एवढं करूनसुद्धा ट्रायच का? जमलं ना तिला! सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय! आता तरी जमलं म्हणा की!"

पाहुणे बघतच राहिले. "अहो, ट्राय म्हणजेच जमलं."

"म्हणजे?"

"रग्बीत पलीकडच्या टोकाला जाऊन चेंडू असा जमिनीला टेकवला, की त्याला ट्राय म्हणतात. त्याचेच जास्तीत जास्त गुण मिळतात. तेच तर सगळ्यात कठीण!"

काकांच्या तोंडाचा आ झाला तो मिटेना. "म्हणजे... सतरा ट्राय म्हणजे?"

"सतरा?" आता पाहुण्यांचा आ झाला. "एका मोसमात? कुणी केले?"

काकांनी बोट मंचाकडे केलं. सूनबाई गुडघे झाडत उठत होत्या.

"तरीच!" पाहुणे म्हणाले. "उडी बास्केटबॉलची वाटली मला, रिबाउंडला मारतात तशी. दुसऱ्याचा नेम चुकलेला बॉल इतक्या उंचावर झेलणं म्हणजे गंमत नाही. आणि खाली आल्यावर धाव रग्बीची. मोठ्या बाई, असलं माणूस तुमच्या गल्लीत आहे आणि तुम्ही शिक्षिका शोधताय?"

मोठ्या बाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी जमिनीकडे पाहिलं. मोठ्या बाई मंचावर गेल्या, सूनबाईंचा हात हातात घेतला आणि माइकवरूनच म्हणाल्या, "सोमवारपासून याल का?" सूनबाईंनी जोरजोरात मान हलवली, आणि मागच्या बाकांवरच्या पोरींनी जो गलका केला तो थांबता थांबेना.

मग तसबीर नीट लागली. पाहुण्यांनी कापड ओढलं. मोठ्या बाई जवळ जाऊन निरखून म्हणाल्या, "काय काम आहे हो काका! काच इतकी स्वच्छ, की आहे असं वाटतच नाही!"

काकांची छाती फुगली. "बाई, काच पुसावी तर अशी. दिसली तर ती काच कसली?"

पाहुणे बोट लावून बघायला पुढे झाले. त्यांच्या आधी सूनबाई पुढे झाल्या. "हात नका लावू हं, डाग पडेल," असं म्हणत त्या तसबिरीसमोर अशा काही पाय रोवून उभ्या राहिल्या की पाहुण्यांनी बोट खिशात घातलं.

तेवढ्यात कुणीतरी मंचावरचा पंखा लावला, आणि संस्थापक बाईंनी तसबिरीतच गाल फुगवला.

काकांना वाटलं, आपल्याला भास झाला. पंखा फिरून परत आला. बाईंनी परत गाल फुगवला, आणि हळूच सोडला.

"अगदी जिवंत वाटतात हो!" मागून एक शिक्षिका भारावून म्हणाल्या.

काकांनी मनात सगळं काम परत मोजलं. पट्टी, चित्र, पुठ्ठा, खिळे. काच? काच भिंतीशी उभी होती. मग सूनबाई आली. मग घोंगडी! आयुष्यभर काच विकून खाल्ली, आणि सगळ्या गावासमोर काचेशिवाय तसबीर लावली! त्यांनी सूनबाईंकडे पाहिलं. त्या तिथूनच डोळ्यांनी म्हणाल्या, गप्प राहा.

दोघं घरी जायला उताराला लागले. काका हळूच म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"उचलल्या उचलल्या. वजनावरूनच. सांगायला बघत होते, पण तुम्ही ऐकाल तर ना."

"आत काच नाही हे माहीत होतं, आणि तरी तेवढी उडी मारलीस? हातपाय मोडले असते तर? पडली असती तर पडली असती, फुटायला होतं काय त्यात?"

"तेच ना, बाबा! पडली असती आणि आवाज झाला नसता तर? काचकाकांच्या तसबिरीत काच नाही, हे सगळ्या गावाला कळलं असतं."

काका जागच्या जागी थांबले. मग म्हणाले, "काय ट्राय होता पोरी! काय ट्राय होता!"

"ट्राय नव्हता तो, बाबा," सूनबाई हसून म्हणाल्या. "रिबाउंड होता."

काकांना या वेळी अर्थ विचारावा लागला नाही; चुकलेला नेम त्यांचाच होता. घरी आल्या आल्या ते माळ्यावर चढले आणि चषकांचं खोकं त्यांनी खाली काढलं. दुकानात दर्शनी, काचेच्या फळीवर, एकेक चषक पुसून मांडला. मांडायला सूनबाईंनाच आत बोलावलं, आणि हातवारे करू नकोस असंही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आधी 'जरा पॉलिश मारायचं राहिलंय' असं सांगून सासरा-सून सभागृहात गेले. सूनबाईंनी तसबीर उतरवली, काकांनी काच बसवली, आणि कुणाला पत्ता लागू न देता ती परत जागेवर गेली. दोघं निघणार, तोच मोठ्या बाई आत आल्या. तसबिरीसमोर उभ्या राहिल्या, मान डावीकडे केली, उजवीकडे केली, आणि त्यांचा चेहरा पडला.

"काका, राग मानू नका. पण काच कालच्याइतकी स्वच्छ नाही वाटत. पुन्हा तशी नाही का होणार?"

सूनबाईंनी ओठ घट्ट दाबून खिडकीबाहेर मैदानाकडे पाहिलं. काकांनी खांद्यावरचं फडकं काढलं, छाती पुढे काढली आणि ऐटीत म्हणाले, "ट्राय करतो, बाई!"